ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ आणि संगणकावरील नवा वर्ग

विद्यापीठाची नवी इमारत उभी राहते तेव्हा ती सर्वांना दिसते. कोनशिला बसते, उद्घाटन होते आणि कोणता वर्ग कोठे भरणार हे फलकावरून कळते. गेल्या दोन-तीन दशकांत जगभरच्या विद्यापीठांनी भिंती नसलेली अशी एक वास्तू उभारली आहे. पाठ्यसाहित्य, स्वाध्याय, चाचण्या, गुण आणि शंकासमाधान या सर्वांना संगणकावर एकाच ठिकाणी जागा देणारी ही व्यवस्था ‘अध्ययन व्यवस्थापन प्रणाली’ या नावाने ओळखली जाते. शैक्षणिक वर्तुळात तिचा उल्लेख सर्रास एल.एम.एस. असा होतो. एखाद्या विभागाने ती हौसेने वापरणे आणि संपूर्ण विद्यापीठाने ती स्वीकारणे या दोहोंत मोठे अंतर आहे. ते कसे पार करावे लागते, हे ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००५ पासून केलेल्या बदलावरून चांगले समजते.

टपालाने येणारे विद्यापीठ

या विद्यापीठाला १९६९ साली राजसनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनी अध्ययनास प्रारंभ केला. प्रवेशासाठी पूर्वीच्या शैक्षणिक पात्रतेची अट नव्हती. कारखान्यातील कामगार, गृहिणी, सैनिक, शिक्षक असे नाना प्रकारचे लोक त्यात होते. छापील पुस्तिका टपालाने येत, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगसाहित्याची पेटीही घरपोच मिळे आणि बी.बी.सी.वरून व्याख्याने प्रसारित होत. विद्यार्थी स्वाध्याय लिहून आपल्या मार्गदर्शक शिक्षकाकडे धाडी. शिक्षक तो तपासून, समासात शेरे लिहून परत पाठवी. दूरशिक्षणाचा सारा जीव या शेऱ्यांत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून विद्यापीठाने ‘फर्स्टक्लास’ नावाची संगणकीय चर्चाव्यवस्था वापरात आणली. त्याच सुमारास निरनिराळ्या विद्याशाखांनी आपापल्या सोयीने संकेतस्थळे आणि चाचण्यांची साधने तयार केली. त्यामुळे दोन अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दोन निराळ्या पद्धती आत्मसात कराव्या लागत. २००५ मध्ये विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती आणि मार्गदर्शक शिक्षक सात-आठ हजारांच्या घरात होते. एवढ्या विस्तारासाठी एकच समान व्यवस्था असणे अगत्याचे झाले.

तीन वाटा

विद्यापीठापुढे तीन मार्ग होते. स्वतःची प्रणाली घडवावी, एखाद्या कंपनीकडून तयार प्रणाली विकत घ्यावी, अथवा मुक्त स्रोत प्रणाली घेऊन ती आपल्या गरजेनुसार वाढवावी. नोव्हेंबर २००५ मध्ये विद्यापीठाने तिसरा मार्ग स्वीकारल्याचे जाहीर केले आणि ‘मूडल’ या प्रणालीची निवड केली.

मूडलचा जनक मार्टिन डूगिमास हा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढला. त्याचे प्रारंभीचे शिक्षण रेडिओवरून भरणाऱ्या शाळेतून झाले. पुढे पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात ‘वेबसीटी’ या व्यापारी प्रणालीची व्यवस्था पाहत असताना त्याने मूडलचे काम हाती घेतले. ऑगस्ट २००२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली.

‘मुक्त स्रोत’ ही कल्पना शेतकऱ्याला सहज उमगेल अशी आहे. दरवर्षी दुकानातून आणावे लागणारे संकरित बियाणे आणि घरच्या पिकातून राखून ठेवलेले, शेजाऱ्यालाही देता येणारे बियाणे यांत जो फरक असतो, तसाच तो येथे आहे. मूडलची संपूर्ण संहिता कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि बदलून इतरांना देता येते. परवानाशुल्क द्यावे लागत नाही. हा मुद्दा केवळ बचतीचा नाही, याचा प्रत्यय तेव्हाच आला. फेब्रुवारी २००६ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड’ या प्रतिस्पर्धी कंपनीने वेबसीटी विकत घेतली. ज्या विद्यापीठांनी सारा अभ्यासक्रम वेबसीटीवर उभारला होता, त्यांना त्यात काहीही मत नव्हते. पुढील काही वर्षांत त्यांना दुसरीकडे स्थलांतर करणे भाग पडले.

प्रणाली फुकट असेल तर मुक्त विद्यापीठाने या प्रकल्पासाठी सुमारे ५० लाख पौंडांची तरतूद कशासाठी केली, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. बियाणे घरचे असले तरी नांगरट, पाणी आणि मजुरी यांचा खर्च चुकत नाही, हे त्याचे उत्तर. सर्व्हर, विद्यार्थी-नोंदणीशी जोडणी, नवीन साधनांची निर्मिती, दृष्टिहीन व अन्य अपंग विद्यार्थ्यांसाठी आवश्यक सुधारणा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांवर हा पैसा जातो. निविदा काढताना आपल्याकडे केवळ परवान्याच्या किमतीचा विचार होतो आणि हे खर्च नंतर एकेक करून दारात उभे राहतात.

कोणी काय पाहावे

महाविद्यालयाच्या वर्गात शिक्षक व विद्यार्थी अशा दोन भूमिका पुरतात. मुक्त विद्यापीठात तसे नव्हते. अभ्यासक्रम मिल्टन कीन्सच्या मुख्यालयातील तज्ज्ञमंडळ तयार करी. तो शिकवणारा मार्गदर्शक मात्र स्कॉटलंडच्या एखाद्या गावात असे आणि त्याच्याकडे साधारण वीस विद्यार्थ्यांचा गट असे. त्याने तपासलेल्या स्वाध्यायांची फेरतपासणी तिसराच शिक्षक करी. याशिवाय ग्रंथपाल आणि विद्यार्थी सल्लागार असत. यांपैकी प्रत्येकाला आपापल्या कामापुरते दिसावे व अधिक दिसू नये, अशी व्यवस्था हवी होती. प्रारंभीच्या मूडलमध्ये भूमिका ठरावीक होत्या. नोव्हेंबर २००६ च्या १.७ या आवृत्तीपासून संस्थेला हवी ती भूमिका निर्माण करून तिचे अधिकार ठरवता येऊ लागले.

हा तांत्रिक वाटणारा विषय वस्तुतः प्रशासनाचा आहे. कार्यालयात कोणत्या कागदावर कोणाची सही चालते हे जसे ठरलेले असते, तसेच गुण कोण भरील, ते कोण दुरुस्त करील आणि दुरुस्तीची नोंद कोठे राहील, हे प्रणाली सुरू होण्यापूर्वी लेखी ठरावे लागते. प्रणाली प्रत्येक हालचालीची वेळेसह नोंद ठेवते. विद्यार्थ्याने स्वाध्याय रात्री ११ वाजून ५८ मिनिटांनी दाखल केला की १२ वाजून २ मिनिटांनी, याविषयी वाद उरत नाही. परंतु शिक्षक कितीदा आला आणि किती वेळ थांबला, हेही त्याच नोंदवहीत दिसते. आपल्यावर पाळत ठेवली जात आहे, ही शिक्षकांची शंका म्हणून अनाठायी म्हणता येत नाही. या नोंदी कशासाठी वापरल्या जातील आणि कशासाठी नाहीत, हे व्यवस्थापनाने प्रारंभीच स्पष्ट केले तरच शिक्षक मोकळेपणाने काम करतात.

मुक्त विद्यापीठाने जुने ते सर्व टाकून दिले नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची. स्वाध्याय स्वीकारण्याची व परत करण्याची त्याची स्वतःची संगणकीय व्यवस्था चांगली चालत होती. ती तशीच ठेवून मूडलशी जोडण्यात आली. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर आठवड्यागणिक काय वाचावे व काय लिहावे याचे वेळापत्रक देण्यात आले. एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला याचा आधार वाटतो. सर्व अभ्यासक्रम एका दिवसात हलवण्याचाही हट्ट धरला गेला नाही. पुढे विद्यापीठाने चाचण्यांसाठी घडवलेले नवे प्रश्नयंत्र २०११ मध्ये मूडलच्या २.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले आणि जगभरच्या संस्थांना उपलब्ध झाले.

मुंबईचा अनुभव

एकाच वेळी सर्वत्र बदल केल्यास काय होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय सर्व विद्याशाखांना लागू केला. ही अध्ययनाची नव्हे, मूल्यमापनाची प्रणाली होती, तथापि प्रश्न त्याच जातीचे होते. उत्तरपत्रिकांची संख्या १७ लाखांहून अधिक होती. त्यांचे स्कॅनिंग, प्रत्येकीची योग्य विषयाशी व परीक्षकाशी सांगड आणि प्राध्यापकांचा सराव ही सर्व कामे परीक्षा आटोपता आटोपताच करावी लागली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारे विद्यार्थी ताटकळत राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत मुळात वाईट आहे, असे यावरून ठरत नाही. एखाद्या लहान परीक्षेवर ती पूर्ण फिरवून न पाहता तिच्यावर लक्षावधी विद्यार्थ्यांचे वर्ष अवलंबून ठेवले गेले, हा त्यातला खरा दोष होय.

नाव, क्रमांक आणि दूरध्वनी

आपल्या विद्यापीठांत या बदलाची पहिली अडचण नोंदणीची असते. प्रवेश दोन-दोन महिने चालू राहतात, कोणी विषय बदलतो, कोणी महाविद्यालय बदलतो. प्रवेश अर्जात नाव आडनावापासून सुरू होते, तर आधारपत्रावर ते स्वतःच्या नावापासून असते. लग्नानंतर मुलीचे नाव बदलते. कायम नोंदणी क्रमांक हाच एकमेव दुवा मानून नोंदणी-शाखेची यादी रोजच्या रोज प्रणालीत आपोआप उतरली नाही, तर विद्यार्थी वर्गात असूनही प्रणालीच्या लेखी नसतो. त्याला स्वाध्याय दिसत नाही आणि गुणांच्या रकान्यात शून्य पडते. लिपिकाने हाताने याद्या भरण्याची व्यवस्था पहिल्या सत्रात निभावते, दुसऱ्या सत्रात कोलमडते.

दुसरी अडचण साधनांची आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली तेव्हा प्रत्येक शिक्षकाने हाताशी आले ते साधन वापरले. कोणी व्हॉट्सॲप, कोणी झूम, तर कोणी गूगल क्लासरूम. एका घरातील एकच मोबाईल तीन भावंडांत फिरत होता. त्यानंतर मोबाईलचा प्रसार पुष्कळ झाला आहे, तरीही तासाभराची चित्रफीत आणि चार पानांची टिप्पणी यांत डोंगराळ तालुक्यातील विद्यार्थी आजही टिप्पणीच उघडतो. मूडलच्या मोबाईल उपयोजनात साहित्य आधी उतरवून घेऊन नंतर संपर्काविना वाचता येते. या प्रणालीचा मराठी भाषासंचही उपलब्ध आहे. अशा सोयी असतात हे प्रशिक्षणात सांगितले गेले नाही, तर त्या नसल्यासारख्याच.

तिसरा प्रश्न श्रेयांकांचा. केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांतून एका सत्राचे २० टक्के श्रेयांक मिळवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांन्वये मुभा दिली होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के करण्यात आली. बाहेर मिळवलेले हे गुण विद्यापीठाच्या गुणपत्रकात कोणी व कसे आणावयाचे, याची वाट प्रणाली निवडतानाच आखावी लागते.

मुक्त विद्यापीठाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जुलै १९८९ मध्ये स्थापन झाले आणि प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. राज्यभर पसरलेल्या त्याच्या अभ्यासकेंद्रांतून शेतकरी, परिचारिका, कामगार शिकले. अशा विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी संबंध मुख्यतः केंद्रावरील संयोजकामार्फत येतो. संगणकावर वर्ग आला तरी संकेतशब्द विसरला, स्वाध्याय चढला नाही, गुण दिसेनात, अशा तक्रारी घेऊन तो त्याच माणसाकडे जाणार. ब्रिटनमध्येही फर्स्टक्लास पूर्णतः बंद होण्यास बरीच वर्षे लागली, कारण तेथील चर्चांत रुळलेल्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना ती सोडवत नव्हती. तोवर दोन्ही व्यवस्था शेजारीशेजारी चालू ठेवण्यात आल्या आणि मदतीसाठी दूरध्वनी उचलणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोहोंची माहिती ठेवावी लागली.