सर आल्फ रॅम्से : फुल-बॅक आणि व्यवस्थापक

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. गोल वाचविणाऱ्याकडे प्रेक्षकांचें लक्ष क्वचितच जातें. तथापि सारें मैदान समोर दिसत असल्यामुळें खेळाचें मर्म जाणून घेण्याची उत्तम संधि बचाव करणाऱ्यासच मिळते. इंग्लंडच्या आल्फ रॅम्से यांचें चरित्र याची साक्ष देतें.

रॅम्से यांचा जन्म १९२० सालीं लंडनच्या पूर्वेस डॅगेनहॅम येथें झाला. दुसऱ्या महायुद्धांत लष्करांत असतांना साउदॅम्प्टन संघानें त्यांना आपलेंसें केलें. १९४९ सालीं ते लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर संघांत आले. उजव्या बाजूचा फुल-बॅक ही त्यांची जागा. या जागेस वेग हवा, आणि नेमका तोच त्यांच्यापाशीं नव्हता. ही उणीव त्यांनीं बुद्धीनें भरून काढली. प्रतिस्पर्धी कोठें धांवणार हें आधीं ओळखून तेथें उभें राहावें, आणि चेंडू मिळतांच तो दूर भिरकावून न देतां आपल्याच गड्याच्या पायाशीं पोंचवावा, ही त्यांची रीत. त्यांच्या संघानें १९५० सालीं लीगची दुसरी श्रेणी जिंकली व पुढच्याच वर्षीं पहिली.

इंग्लंडकडून ते ३२ सामने खेळले; त्यांत दोन पराभव जिव्हारीं लागणारे होते. १९५० सालच्या विश्वचषकांत अमेरिकेच्या नवख्या संघानें इंग्लंडला १-० असें हरविलें. १९५३ च्या नोव्हेंबरांत हंगेरीनें खुद्द वेंब्ले येथें ६-३ असा विजय मिळविला. रॅम्से यांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. पूर्वकीर्तीवर सामने जिंकतां येत नाहींत, हेंच त्या दिवशीं सिद्ध झालें.

१९५५ सालीं ते तिसऱ्या श्रेणींतील इप्सविच टाउन या लहानशा संघाचे व्यवस्थापक झाले. फुल-बॅकला कोडें कसें घालावें, हें फुल-बॅकवांचून कोणास ठाऊक असणार? डाव्या कडेचे जिमी लेडबेटर हेही संथच. रॅम्से यांनीं त्यांना मागें राहून खेळावयास लावलें. त्यांस अडविण्यास प्रतिपक्षाचा फुल-बॅक पुढें आला कीं त्याच्यामागें मोकळी जागा पडे, आणि तेथें क्रॉफर्ड व फिलिप्स यांना चेंडू मिळे. या युक्तीनें इप्सविचनें पहिल्या श्रेणींतील आपल्या पहिल्याच वर्षीं, १९६२ सालीं, अजिंक्यपद मिळविलें.

यानंतर इंग्लंडच्या संघाची धुरा त्यांच्याकडे आली. पूर्वी खेळाडूंची निवड समिति करीत असे. रॅम्से यांनीं तो अधिकार स्वतःकडे घेतला. १९६३ सालीं पहिल्याच सामन्यांत फ्रान्सनें ५-२ असा पराभव केला. तरीही, स्वदेशीं होणारा १९६६ चा विश्वचषक इंग्लंडच जिंकेल, असें त्यांनीं त्याच वर्षीं जाहीर केलें. त्या स्पर्धेच्या बाद फेरींत त्यांनीं कडेचे खेळाडू वगळून मधली फळी बळकट केली. ग्रीव्ह्ज यांच्यासारखा नामांकित गडी बाजूस ठेवून हर्स्ट यांना खेळविलें. ३० जुलैच्या अंतिम सामन्यांत पश्चिम जर्मनीनें अखेरच्या क्षणीं बरोबरी साधली. जादा वेळेपूर्वीं थकलेल्या खेळाडूंना रॅम्से यांनीं खालीं बसूं दिलें नाहीं. प्रतिपक्षास आपला थकवा दिसूं नये, हा हेतु. इंग्लंड ४-२ असें जिंकलें. त्यांपैकीं तीन गोल हर्स्ट यांचे! सर्वत्र जल्लोष चालला असतां रॅम्से मात्र बाकावर शांत बसून होते. १९६७ सालीं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली.

पुढें दैव फिरलें. १९७० सालीं मेक्सिकोंत २-० अशी आघाडी असूनही पश्चिम जर्मनीनें त्यांच्या संघाला ३-२ असें हरविलें. १९७३ सालीं पोलंडशीं बरोबरी झाल्यानें पुढील विश्वचषकाचें दार बंद झालें, आणि १९७४ सालीं त्यांना पदावरून दूर करण्यांत आलें. त्यांचा खेळ रुक्ष, असा आक्षेप अनेकांनीं घेतला. परंतु त्यांच्या कारकीर्दींतील ११३ सामन्यांपैकीं ६९ इंग्लंडनें जिंकले होते. १९९९ सालीं ते निवर्तले. आपली उणीव ओळखून तिलाच विचाराची जोड देणारा मनुष्य किती दूरवर जातो, हें त्यांच्या चरित्रावरून शिकावें.