वनप्रदेशातील शाळा आणि निबंधाचे विषय

‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’ हा विषय एटापल्लीच्या वा सिंदेवाहीच्या वर्गाला दिला, तर मार्गदर्शिकेतील निबंध जसाच्या तसा वहीत उतरावा यात नवल नाही. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्याला दुसरा आधार तरी कोणता? त्यातच चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक घरांत गोंडी किंवा माडिया बोलली जाते. सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा भागातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, तर वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली. शाळेतील प्रमाण मराठी या मुलांना शिकून घ्यावी लागते. विषयही परका आणि भाषाही परकी, असा दुहेरी भार पडला की मूल पाठांतराकडे वळते. आपल्यापाशी लिहिण्याजोगे काही नाहीच, अशी त्याची समजूत होऊन बसते. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही.

विषय परिसरातील असावा हे तर खरेच. परंतु ‘मोहाचे झाड’ एवढे शीर्षक फळ्यावर लिहून काम भागत नाही. ‘मोह हा फार उपयुक्त वृक्ष आहे’ येथेच निबंध संपतो. विषयात प्रश्न हवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले रात्रीतून गळतात व पहाटे वेचली जातात. अस्वलालाही ती फार आवडतात. तेव्हा सहावी-सातवीच्या मुलांना विचारावे : तुमच्या आधी झाडाखाली कोण येऊन गेले, हे कशावरून ओळखता? याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे व त्यातून कधी वणवाही पेटतो. नववीच्या वर्गाला मोह वेचणारी आजी आणि वनरक्षक यांचा संवाद लिहावयास सांगावा. अट एकच : दोघांचेही म्हणणे वाचणाऱ्याला पटले पाहिजे.

असे प्रश्न शोधू लागले की सापडत जातात. मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरवाहिनी होते. ती का वळली, याची दोन उत्तरे लिहवून घ्यावीत. एक गावातील वृद्धांकडून ऐकलेले, दुसरे भूगोलाच्या तासाचे. धान निघाल्यावर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर नाटक पाहून वर्गात पेंगणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा त्यातील खलनायकाची बाजू लिहावयास सांगणे अधिक फलदायी!

रशियात लिओ टॉलस्टॉय यांनी यास्नाया पोल्याना या आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली होती. म्हणीवरून गोष्ट लिहा, असे त्यांनी सांगितले तेव्हा मुलांना ते जमेना. मग ते स्वतःच लिहू लागले. मुले भोवती जमली, चुका दाखवू लागली आणि पुढची गोष्ट त्यांनीच सांगितली. या अनुभवावर त्यांनी १८६२ मध्ये लेख लिहिला. लेखन कोणी कोणापासून शिकावे, हाच त्याचा प्रश्न होता. गोंडी वा झाडीबोलीतील म्हणी घेऊन हा प्रयोग येथे सहज करता येईल. शिक्षकांनीही वही उघडून बसावे, हे महत्त्वाचे.

पंचायत सदस्यांचेही साहाय्य होऊ शकते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले. ‘आपल्या गावाच्या हाती असा अधिकार आला, तर पहिल्या सभेत काय घडेल?’ हा दहावीसाठी उत्तम विषय आहे. तो लिहिण्यापूर्वी मुलांना एका ग्रामसभेस बसू द्यावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. ताडोबा परिसरात ‘वाघ’ हा विषय सहज सुचतो. परंतु वाघाच्या हल्ल्यात घरचे माणूस गमावलेले मूल त्याच वर्गात बसलेले असू शकते. म्हणून नेहमी दोन-तीन विषयांतून निवड करू द्यावी आणि मुलाच्या संमतीवाचून त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवू नये.

वह्या तपासताना, तसेच शाळा-तपासणीच्या वेळीही, प्रथम मजकूर पाहावा, शुद्धलेखन नंतर. बोलीतील शब्दाखाली तांबडी रेघ ओढण्यापूर्वी त्याला प्रमाण मराठीत नेमका प्रतिशब्द आहे काय, याचा विचार व्हावा. नसल्यास तो शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ मुलाकडूनच समासात लिहवून घ्यावा.