आपल्यासाठी होणारी हिंसा

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळच्या नेमगिरी डोंगरात जैन गुंफा आहेत. तिथली पार्श्वनाथांची मूर्ती इतक्या लहानशा आधारावर तोलली आहे की ती अधांतरी वाटते, आणि येणारे भाविक बहुधा तिच्याविषयीच बोलतात. अहिंसेचा विचार करणाऱ्याने मात्र नेमिनाथांपुढे अधिक थांबावे. हे बाविसावे तीर्थंकर लग्नाला निघाले असता वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांच्या कानी पडला, असे जैन परंपरा सांगते. वऱ्हाडाच्या जेवणासाठी ती कापली जाणार होती. नेमिनाथांनी लग्न सोडले आणि गिरनारची वाट धरली. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, कुणाला मारण्याची आज्ञाही त्यांनी दिली नव्हती. हे आपल्यासाठी घडते आहे, एवढे कारण त्यांना पुरले. अहिंसेचा खरा कस इथेच लागतो.

योगशास्त्राचेही हेच सांगणे आहे. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरे येते. पहिले अंग यमांचे, म्हणजे संयमाच्या नियमांचे, आणि यमांत पहिली अहिंसा. हिंसा स्वतः केलेली असो, दुसऱ्याकडून करवलेली असो की नुसती संमती दिलेली असो, योगसूत्रे तिला हिंसाच म्हणतात आणि तिचे मूळ लोभ, क्रोध व मोह यांत शोधतात. या सूत्रांवरचे व्यासभाष्य सोयीच्या अहिंसेची उदाहरणे देते: कोळी म्हणतो, माशांखेरीज काही मारणार नाही, दुसरा म्हणतो, तीर्थक्षेत्री मारणार नाही, तिसरा म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. अशा सवलती गळून पडल्या तरच अहिंसा महाव्रत ठरते. ज्ञानेश्वरांनीही ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात हिंसेतून पुण्य साधू पाहणाऱ्या यज्ञकर्मावर कठोर टीका केली आणि अहिंसा आधी मनात रुजते, मग वाणी, दृष्टी व हातांतून प्रकटते, असे विस्ताराने मांडले.

कापूस-सोयाबीन पिकवणारा शेतकरी यावर रास्त प्रश्न विचारील: नांगराखाली जीव मरतात, फवारणी करावीच लागते, मग आम्ही पापी का? जैन आचारशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेतली उद्योगी, बचावातली विरोधी आणि मुद्दाम केलेली संकल्पी, असे हिंसेचे चार प्रकार आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आणि उरलेली जपून कमी करत न्यायची. कीड नुकसानीच्या पातळीपर्यंत पोचली की नाही हे पाहूनच फवारणी करणारा शेतकरी पैसा वाचवतो आणि जीवही वाचवतो. अहिंसा माणसाला दुबळे करते, हा दुसरा आक्षेप. त्याला मराठवाड्याचा इतिहासच उत्तर देतो. हैदराबाद स्टेट काँग्रेसने 1938 मध्ये निजामाच्या राजवटीविरुद्ध सत्याग्रहाने लढा सुरू केला. पुढे निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचे अत्याचार वाढल्यावर तिथल्या तरुणांनी शस्त्रेही धरली. गावे वाचवण्यासाठी धरलेले ते शस्त्र आणि सूडाने उगारलेली काठी यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. विरोधी हिंसा वेगळी मानणाऱ्या परंपरेला हा भेद ठाऊक होता.

दरवर्षी 21 जूनला योग दिनी आपण चटई अंथरतो, हे चांगलेच आहे. त्याच दिवशी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझ्या ताटासाठी, माझ्या नफ्यासाठी, माझ्या जातीच्या किंवा धर्माच्या नावाने कुणाला इजा होते आहे आणि मी गप्प आहे का? उत्तर होय असेल, तर योगाची सुरुवात तिथूनच करावी.