दोन पाळ्यांचे घर : सांताक्रूझमधील पालिका-शाळा व शिक्षक-कुटुंब

शिक्षकाचा विचार बहुधा वर्गापुरताच केला जातो. वर्ग सुटल्यावर तो कोणत्या घरी जातो आणि त्याची स्वतःची मुले कोणत्या शाळेत बसतात, हे प्रश्न खाजगी म्हणून बाजूस सारले जातात. वस्तुतः सार्वजनिक शिक्षणाची स्थिती या खाजगी प्रश्नांतच पुष्कळदा अधिक स्पष्टपणे वाचावयास मिळते.

मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा १९२० साली झाला व १९२५ साली ‘एफ्’ आणि ‘जी’ या दोन विभागांत सक्तीच्या शिक्षणास आरंभ झाला. सांताक्रूझ त्या वेळी शहरात नव्हते. ते १९२० साली निराळ्या केलेल्या उपनगर जिल्ह्यात मोडत असे. १९५० साली शहराची हद्द उत्तरेकडे सरकली तेव्हा ते महापालिकेच्या कक्षेत आले. आज लोहमार्गाच्या पूर्वेस वाकोला, कलिना, गोळीबार अशी दाट वस्ती आहे, आणि येथील पालिका-शाळांचा मुख्य आधार अशी वस्तीच होय.

पालिकेच्या एका इमारतीत एकच शाळा असते असे मात्र समजू नये. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून पालिका शिक्षण देते. त्यांपैकी दोन-तीन माध्यमांच्या शाळा एकाच छपराखाली, आपापल्या मुख्याध्यापकासह, नांदत असतात. खोल्या अपुऱ्या म्हणून पाळ्या आल्या. ज्या फळ्यावर सकाळी मराठी शुद्धलेखन झाले, त्याच फळ्यावर दुपारी उर्दू अक्षरे उमटावयाची.

या पाळ्यांनीच शिक्षकाच्या घराची घडी बसविली आहे. पती व पत्नी दोघेही पालिकेच्या सेवेत असणे ही नित्याची गोष्ट. कोकणातून वा घाटावरून पदविका घेऊन यावे, नेमणूक मिळावी, आणि सोयरीकही शिक्षकांतच जुळावी, असा हा क्रम असतो. दोन पगारांमुळे घराचे कर्ज मिळते, परंतु ते घर सांताक्रूझमध्ये मिळत नाही. पुष्कळांना विरार किंवा बदलापूर गाठावे लागते. एकाची पाळी सकाळची व दुसऱ्याची दुपारची असली तर मुले एकटी पडत नाहीत. मात्र नवरा-बायकोची भेट रात्रीच. दोघांचीही सकाळची असली तर पहाटे साडेचारला चूल पेटते, आणि ती कोण पेटविते हे निराळे सांगावयास नको.

२६ जुलै २००५ रोजी या घडीची कसोटी लागली. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईत अनेक ठिकाणी मुलांना शाळेतच रात्र काढावी लागली. दुसऱ्यांची लेकरे सांभाळीत बसलेल्या बाईंना आपली लेकरे कोठे आहेत हे कळावयास मार्ग नव्हता.

एरवी या घराला खरी धास्ती असते ती ‘पटा’ची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांत तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याची रवानगी दुसऱ्या शाळेत होते, आणि घरातील सारी घड्याळे पुन्हा लावावी लागतात. म्हणून सुटीतच शिक्षक गल्लोगल्ली हिंडून मुले गोळा करतात. दप्तर, गणवेश, वह्या, रेनकोट धरून सत्तावीस वस्तू पालिका विनामूल्य देते, हे आईबापांना समजावून सांगतात. तरीही ओढा इंग्रजीकडे आहे. पालिकेनेही तो ओळखून २०२० साली आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव दिले व केंद्रीय मंडळांच्या अभ्यासक्रमाच्या शाळा काढण्यास प्रारंभ केला.

अशा फेरीत एखादी आई सहज विचारते, “बाई, तुमचा मुलगा कुठं शिकतो?” या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ शिक्षकांना अवघड जाते, कारण तो खाजगी इंग्रजी शाळेत असतो. यास दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. घर दूर आहे, पाळी आड येते. शिवाय शिक्षक आतली गोष्ट जाणतो : जनगणना, निवडणुका व आपत्तीची कामे कायद्यानेच शिक्षकाकडे ठेवली आहेत, आणि त्या काळात वर्गाचे काय होते हे त्याने पाहिलेले असते. तथापि हेही खरे की, मुलाला बोटाशी धरून आपल्याच शाळेत नेणारी बाई त्या आईला जे पटवू शकते, ते सत्तावीस वस्तू पटवू शकत नाहीत.

शिक्षकाच्या घरी पुढे शिक्षकच निपजतो असेही नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले या महाराष्ट्रातील आद्य शिक्षक-दांपत्याचा दत्तक पुत्र यशवंत डॉक्टर झाला. आजच्या घरांतही मुले बहुधा अन्य व्यवसायांकडे वळतात. पेशात नव्याने येऊ इच्छिणाऱ्यास २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षेचा उंबरठा ओलांडावा लागतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच उंबरठा जुन्यांपुढेही ठेवला : ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. पंचवीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतलेल्या शिक्षिकेला आता, रात्रीची भांडी आवरल्यावर, बालमानसशास्त्राचे पुस्तक उघडावे लागते. शेजारी दहावीची मुलगी अभ्यास करीत असते, आणि दिवा एकच असतो.