भिंतीवरच्या पेटीला आपला ठावठिकाणा कसा कळतो?

सुरत शहरात उधना-डिंडोलीच्या बाजूस नवागाम नावाची वस्ती आहे. तेथे गुजरातीबरोबर मराठी व अहिराणीही कानी पडते. कारण खानदेशातील कितीतरी कुटुंबे यंत्रमागाच्या आणि कापडबाजाराच्या कामानिमित्त येऊन या भागात स्थायिक झाली आहेत.

गावाकडचा एखादा मामा भाच्याला भेटावयास प्रथमच रिंगरोडवरील कापडबाजारात आला, असे समजा. स्टेशनापासून बाजाराच्या दारापर्यंत मोबाईल त्याला बिनचूक आणून पोहोचवितो. आत मजल्यावर मजले आणि गाळ्याला लागून गाळे. नेमका येथेच हा वाटाड्या गोंधळतो. नकाशावरील निळा ठिपका कधी रस्त्यावर, तर कधी शेजारच्या इमारतीत जाऊन बसतो. मामाचे काय, तो विचारीत विचारीत पोहोचेलच. परंतु त्याच इमारतीत कोणास हृदयविकाराचा झटका आला आणि 112 क्रमांकावर मदतीची हाक गेली, तर शोधाशोधीत गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

स्थान सांगणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे 20 हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश जमिनीवर येईतो अत्यंत क्षीण झालेला असतो, आणि काँक्रीटचे स्लॅब त्याचा उरलासुरला जोरही शोषून घेतात. म्हणून इमारतीच्या आत दुसरा वाटाड्या शोधावा लागतो. तो म्हणजे छताला वा भिंतीला लावलेली वायफायची पेटी. मोबाईलने अशा तीन-चार पेट्यांपासूनचे अंतर मोजले की त्याला आपली जागा काढता येते. मात्र त्यासाठी त्या पेट्या कोठे आहेत हे आधी ठाऊक हवे. आजवर हे काम माणसे करीत आली आहेत. हातात नकाशा घेऊन प्रत्येक पेटीची खूण करावयाची! मोठ्या इमारतीत पेट्या शेकडो. त्यात चुका होतात. पुढे दुरुस्तीच्या वेळी पेटी हलविली जाते आणि नोंद जुनीच राहते.

मग पेट्यांनीच आपली जागा का शोधू नये? याची तजवीज 2016 सालच्या वायफाय मानकात झाली. एक पेटी संदेश पाठविते, दुसरी उत्तर देते. जाण्यायेण्याच्या एकूण वेळातून दुसरीने उत्तरासाठी घेतलेला वेळ वजा करावयाचा व उरलेल्याचे अर्धे करावयाचे. बिनतारी लहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात 30 सेंटीमीटर जाते. त्यावरून दोन पेट्यांतील अंतर निघते. दोघींची घड्याळे जुळलेली असण्याचीही गरज नाही. अशी सर्व अंतरे जोडली की मजल्याची आकृती तयार होते. 1802 साली मद्रासच्या सेंट थॉमस माउंटपाशी लॅम्बटनने भारताच्या महामोजणीस आरंभ केला, तेव्हा एक रेषा जमिनीवर मोजून पुढचे त्रिकोण कोनांच्या आधारे बांधीत नेले होते. येथे कोन नाहीत, प्रत्येक रेषाच मोजली जाते.

परंतु ही आकृती अधांतरी असते. ती हवी तशी फिरवा, उलटी करा, आतील अंतरे तीच राहतात. तिला पृथ्वीवर खिळविण्यासाठी खिडकीजवळच्या पेट्या उपयोगी पडतात. त्या जागच्या हलत नसल्यामुळे तासन्तास उपग्रहांचे क्षीण संदेश गोळा करून आपली जागा ठरवू शकतात. आतल्या पेट्या त्यांच्या आधाराने आपापली जागा काढतात. अमेरिकेतील अरुबा कंपनीने 2022 साली याच हेतूने जीपीएस बसविलेल्या पेट्या जाहीर केल्या.

खरी अडचण भिंतींची. सरळ वाट अडली की लहर लोखंडी कपाटावर नाही तर खांबावर आपटून वळसा घेऊन येते, आणि अंतर आहे त्याहून अधिक भासते. वळशाने अंतर वाढतेच, कमी कधी होत नाही. म्हणून नुसती सरासरी काढून ही चूक जात नाही. (शोभेसाठी पेट्या खोट्या छताच्या पत्र्याआड लपविणारे सजावटकार या गोंधळात आपली भर घालतात, ते निराळेच.) यावर उपाय आहेत. लहरींचा पट्टा जितका रुंद, तितका सरळ आलेला संदेश वळशाच्या संदेशापासून वेगळा ओळखता येतो. पुन्हा पुन्हा मोजून लहान मापांवर अधिक भर देता येतो. शिवाय भूमिती आहेच. पहिली पेटी दुसरीपासून 10 मीटर, दुसरी तिसरीपासून 10 मीटर, आणि पहिली तिसरीपासून 26 मीटर, असे उत्तर आले तर ते खोटे; कारण त्रिकोणाची एक बाजू उरलेल्या दोहोंच्या बेरजेहून मोठी असूच शकत नाही. अशा मापावर हिशेबात विश्वास ठेवीत नाहीत. पेटीला शेजारणी जितक्या अधिक, तितके असे खोटे पकडणे सोपे.

उंची मात्र अजून हटवादी आहे. एका मजल्यावरील साऱ्या पेट्या बहुधा एकाच छताला असतात, त्यामुळे वर-खालीचा अंदाज कच्चा राहतो, आणि दोन मजल्यांमधील स्लॅब संदेशाला फारसे जाऊ देत नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2019 साली इमारतीतून येणाऱ्या संकटकालीन कॉलसाठी उंचीचे माप ठरविले, तेही 80 टक्के कॉलमध्ये वर-खाली 3 मीटरच्या आत असावे, एवढेच. तीन मीटर म्हणजे जवळजवळ एक मजला. कापडबाजारात जिना चढणाऱ्या डॉक्टरला तेवढ्याने दार चुकू शकते.