जुन्या माउंटन बाइकचे हायड्रॉलिक ब्रेक: नुसते पॅड बदलायचे की अख्खा सेट?



पिरंगुट, पौड, मुळशी भागात तुमचं सायकलचं दुकान असेल, किंवा होमस्टेवर पाहुण्यांसाठी भाड्याच्या सायकली ठेवल्या असतील, तर आजचा विषय तुमच्यासाठी आहे. हात कसे चालवायचे ते व्हिडिओत दिसतं. मापं आणि हिशोब इथे लिहून देतोय, म्हणजे दुकानाच्या भिंतीवर लावता येतील.

आपल्याकडे सायकल धरणाच्या कडेने ताम्हिणीपर्यंत जाते. उतार, वळणं आणि चार महिने धो धो पाऊस. "चालतंय तोवर चालू दे" हे ब्रेकच्या बाबतीत चालत नाही.

आधी तपासा, मग भाव सांगा

1. पॅड: शिमानोच्या पॅडवर घासणारा थर 0.5 मिमी उरला की बदलायचा. पावसाळ्यात चिखलाने पॅड भराभर झिजतात, तेव्हा जरा आधीच बदला.

2. रोटर: शिमानोचा नवा रोटर 1.8 मिमी जाड असतो, 1.5 ला आला की बाद. घासलेल्या पट्ट्यावरच मोजा, कडेला मोजलं तर फसाल. रोटरवर "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं असेल तर मेटलचे पॅड घालू नका.

3. लिव्हर: जोरात दाबून मिनिटभर धरा. स्पंजासारखा लागला तर आत हवा आहे, ब्लीड करून भागेल. हळूहळू हँडलला टेकत गेला, किंवा लिव्हर-कॅलिपरजवळ ओल दिसली, तर सील गेलंय. अशा ब्रेकला नवे पॅड घालणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया. जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं अवघड असतं, म्हणून तिथे सेट बदलणंच परवडतं.

ऑइलची चूक करू नका

मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये मिळतं ते डॉट ब्रेक ऑइल. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांना लागतं मिनरल ऑइल. हेस, जुने ॲव्हिड आणि स्रॅमचे बरेचसे ब्रेक डॉटवर चालतात. एकाचं दुसऱ्यात घातलं की रबरी सील फुगतात आणि ब्रेक अडकतो किंवा गळतो. तेही लगेच कळत नाही, सायकल दुकानातून बाहेर पडल्यावर कळतं! लिव्हरवर किंवा त्याच्या झाकणावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. डॉट ऑइल रंग खातं, हातमोजे घाला आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

सेट मागवण्याआधी पाच गोष्टी

कॅलिपर पोस्ट माउंट आहे की आयएस माउंट? रोटर 160, 180 की 203 मिमी? सहा बोल्टचा की सेंटरलॉक? पाइप किती लांब? आणि पुढचा ब्रेक कोणत्या हाताला? आपल्याकडे बहुतेकांना उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबायची सवय असते. उलटा सेट बसवला तर घाबरलेला माणूस भलताच ब्रेक दाबेल.

बसवताना

- नवा लिव्हर लावा, पाइप सोडा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. पाइप ताणला जाता कामा नये. सेट भरून आलेला असेल तर पाइप उगाच कापू नका. कापला तर ब्लीड करावंच लागतं.
- रोटरचे सहा बोल्ट टी-25 पान्याने, समोरासमोरचे घेत कसा. नवा रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोटं लावू नका.
- चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात.
- कॅलिपरचे बोल्ट सैल ठेवा, लिव्हर दाबून धरा आणि तसेच कसा. चाक फिरवून घासतंय का ऐका.
- सपाट रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक लॉक न करता, साधारण वीस वेळा वेग कमी करा. असं केल्याशिवाय नवा पॅड नीट पकडत नाही. हे काम दुकानदाराचं, गिऱ्हाइकाचं नाही.
- चेनचा स्प्रे रोटरपासून लांब ठेवा. तेल प्यायलेला पॅड टाकूनच द्यावा लागतो.

गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं?

दोन अंदाजपत्रकं द्या. समजा पॅड आणि ब्लीडिंगचे 1,200 रुपये होतात आणि पूर्ण सेटचे 4,500. दोन्ही कागदावर लिहा आणि झिजलेला रोटर मोजून त्यांच्या डोळ्यांसमोर धरा. जुने पार्ट पिशवीत घालून परत द्या, विश्वास तिथेच बसतो. काम झाल्यावर फ्रेमवर छोटं स्टिकर लावा: तारीख आणि ऑइलचा प्रकार. पुढच्या मेकॅनिकला अंदाज करावा लागणार नाही.

आणि सील गळत असताना कुणी "दादा, नुसते पॅड टाका" म्हणालं, तर ते काम नम्रपणे नाकारा. बाराशे रुपयांचं काम गेलं तरी चालेल. घाटात ब्रेक गेला, तर आधी माणसाला लागेल, आणि मग नाव तुमच्या दुकानाचं निघेल.

भाड्याच्या सायकली असतील तर रोज सकाळी पहिल्या पाहुण्याआधी प्रत्येक लिव्हर दाबून वहीत टिक करा. एका सायकलला दोन मिनिटंही लागत नाहीत. उद्यापासूनच सुरू करा!