भाडे थकले म्हणून नळ तोडू नका

‘अकराच महिन्यांचा करार, नोंदवायचा कशाला?’ हा महाराष्ट्रातल्या घरमालकांचा लाडका गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि मुदत कितीही असो, नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरा फटका मात्र वेगळाच: असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच ग्राह्य, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरीचा शिक्का इथे कामाचा नाही.

दुसरी चूक रागाच्या भरात होते. भाडे थकले की कुलूप बदलायचे, वीज-पाणी तोडायचे. अत्यावश्यक सेवा तोडणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे. मग थकबाकीदार राहतो बाजूला आणि मालकच आरोपी!

राहण्यासाठी दिलेल्या घराच्या लायसन्सची मुदत संपली, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या मुक्कामाला दुप्पट दराने भरपाई लागते. जुन्या, संरक्षित भाडेकरूंचे गणित निराळे. तिथे थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबल्याशिवाय दावाच लावता येत नाही. दावा लावल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने १५ टक्के व्याजासह थकबाकी भरली, तर त्या कारणावरून घर रिकामे होत नाही.

आणि हो, डिपॉझिट संपेपर्यंत गप्प बसणारे मालक नोटिशीचे महिने फुकट घालवतात.